व्हॅक्यूम कास्टिंग मशीन: टंच वाढत नाही, पण चांदी फुटायची थांबते

व्हॅक्यूम कास्टिंग मशीननं सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, वाढते का, हे विचारायला लोक मला फोन करतात, त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. व्हॅक्यूममध्ये, म्हणजे हवा ओढून काढलेल्या कप्प्यात, वितळवल्यानं सोन्याचा टंच वाढत नाही. मुशीत (वितळवायच्या भांड्यात) ९१६, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, टाकलं तर ९१६ च निघणार, ९०० टाकलं तर ९००. डेमोला आलेला विक्रेता "यात माल एकदम प्युअर होतो, शेठ" म्हणतो आणि समोरचा सराफ मनातल्या मनात हिशेब मांडायला लागतो. तो हिशेब मांडू नका. मशीन चांगलं आहे, मी घेतलंय, रोज वापरतोय, पुन्हा घ्यायची वेळ आली तरी घेईन. पण ते ज्या कामाचं आहे त्याच कामासाठी.

आमचा कारखाना लातुरात, गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या आतल्या बोळात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, मी, पुतण्या आणि मोजके कारागीर. काम मुख्यतः चांदीचं: जोडवी, वाळे, करदोडे, देवघरातल्या लहान मूर्ती, तुळजापूरला देवीला वाहायला नेतात त्या पादुका आणि छत्र्या. सोनं ऑर्डरीपुरतं. आप्पांच्या काळात सगळं ठोकून, तार ओढून, डाक लावून (सांधे जोडून) व्हायचं. आता गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं आणि "असंच पाहिजे" म्हणतं. असंच करायचं तर मेणाचे नग एका दांडीवर झाडासारखे लावून, भोवती प्लास्टरचा साचा करून, मेण जाळून त्या जागी धातू ओतावा लागतो. हे ओतकाम आम्ही आधी स्प्रिंगच्या फिरकीवर करायचो. गॅसच्या ज्वालेनं उघड्यावर माल वितळवायचा, चावी भरलेली स्प्रिंग सोडायची, माल झटक्यात साच्यात. सोन्याचं त्यावर बरं निघायचं. चांदीचं निघायचं नाही. बफला (पॉलिशच्या चाकाला) धरली की सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडत, एक घासून काढावं तर त्याच्याखाली दुसरं तयार. हुपरीचा आणि राजकोटचा तयार माल गुळगुळीत येतो, त्याच्या शेजारी आपली जोडवी ठेवली की गिऱ्हाईक न बोलता तिकडची उचलतं.

चांदीची ही खोड जुन्या लोकांना चांगली ठाऊक होती. वितळलेली चांदी ऑक्सिजन पिते. वर शुद्ध ऑक्सिजन असेल तर स्वतःच्या आकारमानाच्या जवळपास वीसपट, उघड्या हवेत त्याहून कमी, पण त्रास द्यायला तेवढाही पुरतो. ९६२ अंशांना ती थिजते आणि थिजताना पोटातला वायू एकदम बाहेर टाकते. चांदी उडते, लगडीच्या डोक्यावर फोड येतो, बारीक नगात तेच छिद्र होऊन बसतं. आप्पा मुशीवर कोळशाची पूड पसरायचे ती त्यासाठीच, म्हणजे ऑक्सिजन चांदीला मिळण्याआधी कोळशाला मिळावा. त्यात आपली दागिन्याची चांदी ९२५ ची, म्हणजे साडेसात टक्के तांबं. त्या तांब्यालाही ऑक्सिजन लागतो आणि लालसर, जांभळट डाग वरच्या थराखाली बसतो. पॉलिशवाला तो घालवायला घासत राहतो, नगाचं वजन उतरत राहतं, आणि मग वजनावरून आमच्यात कुरबुर.

तर मशीन. टेबलाएवढं आहे, चीनमध्ये बनलेलं, वर इथल्या विक्रेत्याच्या नावाचं स्टिकर. तोच सांगाडा रंग बदलून वेगवेगळ्या नावांनी मुंबईच्या प्रदर्शनात मांडलेला पाहिला, त्यामुळे नावात काही नाही आणि मी ते देतही नाही. मला साडेआठ लाखांना पडलं, वर १८ टक्के जीएसटी. त्यात पाणी गार करणारा चिलर, व्होल्टेज सांभाळणारा सर्वो स्टॅबिलायझर, फ्लास्क (साचा असलेलं धातूचं नळकांडं) भाजायची भट्टी, आर्गॉनचं (धातूशी संयोग न करणाऱ्या वायूचं) रेग्युलेटर यांतलं काहीच नव्हतं. कोटेशन वाचताना "कंप्लीट सेट" या दोन शब्दांवर विसंबू नका, एकेक वस्तू लिहून मागा.

आत दोन कप्पे आहेत. वरच्या कप्प्यात ग्राफाइटची मूस, तिच्या बुडाला भोक, त्या भोकात वरून बसवलेला ग्राफाइटचा दांडा. तापमान मोजणारी थर्मोकपल दांड्याच्या आत असते, म्हणजे आकडा मालाच्या पोटातला येतो. फिरकीच्या काळात रंग बघून ठरवायचं आणि रंग ठरवणाऱ्या माणसाला त्या दिवशी सर्दी असली तरी फरक पडायचा. खालच्या कप्प्यात तापलेला फ्लास्क. झाकण लावलं की पंप दोन्ही कप्प्यांतली हवा ओढतो, वर आर्गॉन भरतो, पुन्हा ओढतो, पुन्हा भरतो. मग विजेनं मूस तापवणारी इंडक्शन कॉइल सुरू. माल वितळला, ठरलेल्या तापमानाला आला की दांडा वर उचलला जातो, वरून आर्गॉनचा दाब, खालून व्हॅक्यूमची ओढ, आणि माल बारीकसारीक नक्षीत शिरतो. काचेतून बघायला मजा येते. आप्पा ऐंशीच्या पुढचे आहेत, ते अजूनही खुर्ची ओढून बसतात आणि प्रत्येक वेळी "आवाजच येत नाही की रे" म्हणतात.

निकाल सांगायचा तर चांदीत फरक लगेच दिसला. छिद्रं पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही, पण बफवरून परत येणारे नग आता अपवाद आहेत. नग साच्यातून काढला की पांढरा, स्वच्छ निघतो, काळवंडलेला नसतो. ९२५ मधला तो जांभळा डाग जवळपास दिसेनासा झाला. बारीक जाळीकाम, देवीच्या मुखवट्यावरची नथ, मूर्तीच्या हातातली बोटं पूर्ण भरतात. पॉलिशची घट कमी झाली, आणि माझ्या मते मशीनचे पैसे वसूल होतात ते याच घटीतून.

आता टंचाकडे येतो, कारण गैरसमज इथंच आहे आणि तो महागात पडणारा आहे.

व्हॅक्यूम धातूतून काय काढतो? जे वायुरूपात बाहेर यायला तयार आहे तेवढंच. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि ज्यांची सहज वाफ होते असे काही धातू. वायूंचं गणित सीव्हर्ट्स नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं मांडलेलं आहे: धातूत विरघळणारा वायू दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे दाब शंभरपट उतरवला तर विरघळलेला वायू दहापटच उतरतो. म्हणून "पंप थोडा कमी ओढतोय, चालतंय की" हे चालत नाही, आणि "फार महागडा पंप लावला की चमत्कार होईल" हेही होत नाही. आपल्या कामाला मधला पुरतो.

धातूंच्या वाफेचं गणित वेगळं. उघड्या हवेत कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, जस्त ९०७ ला. चांदीला २,१०० च्या वर जावं लागतं, तांब्याला २,५०० च्या वर, सोन्याला २,८०० च्या आसपास. व्हॅक्यूममध्ये हे सगळे आकडे खाली येतात, पण क्रम तोच राहतो. त्यामुळे सोन्यातलं तांबं या मशीनमध्ये उडून जाईल ही आशा सोडा, ते सोन्याच्या शेजारीच बसून राहतं. चांदी मात्र सोन्यापेक्षा खूप सहज उडते. खोल व्हॅक्यूममध्ये चांदी १,०१० अंशांना जेवढी वाफ देते तेवढी द्यायला सोन्याला १,३७० पर्यंत जावं लागतं. या फरकावर चालणाऱ्या मोठ्या भट्ट्या असतात. त्यात तेजाब न वापरता सोन्यातली चांदी वाफ करून वेगळी काढतात आणि थंड पत्र्यावर गोळा करतात. व्हॅक्यूमनं धातू शुद्ध करणं म्हणायचं तर ते. पण ती भट्टी वेगळी, पंप वेगळा, किंमत वेगळी. टेबलावरच्या ओतकामाच्या मशीनकडून ते मागू नका.

माझे साडू हैदराबादला मिधानीत होते, म्हणजे मिश्र धातू निगम, १९७३ साली सुरू झालेली सरकारी कंपनी. विमानाच्या इंजिनाला, रॉकेटला लागणारे मिश्रधातू आणि टायटॅनियम तिथं व्हॅक्यूममध्येच वितळवतात. मशीन आल्यावर ते बघायला आले, काचेतून डोकावले आणि हसले. त्यांच्याकडे धातूचा जाडजूड ओंडकाच इलेक्ट्रोड असतो. विजेच्या ठिणगीनं तो खालून थेंबाथेंबानं वितळतो आणि पाण्यानं गार ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात थिजत जातो. टायटॅनियम उघड्यावर वितळवताच येत नाही, ते ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही खातं आणि ठिसूळ होतं. पण त्यांनी सांगितलेली कामाची गोष्ट दुसरीच. असल्या भट्टीतून पोलादाचा हायड्रोजन जातो, गंधक जात नाही, कारण गंधक ओढून घ्यायला वर स्लॅग, म्हणजे मळीचा थर, नसतो. गंधक आधीच काढून आणावं लागतं. म्हणजे एवढ्या मोठ्या कारखान्यातसुद्धा व्हॅक्यूम हा शेवटचा हात आहे. घाण माल आत टाकून शुद्ध बाहेर काढण्याची सोय तिथंही नाही.

आपल्याकडे ती सोय म्हणजे गलाईवाला, सोनं-चांदी शुद्ध करून देणारा. सांगली जिल्ह्यातली विटा, खानापूर, आटपाडीकडची ही मंडळी देशभर पसरली आहेत, तशी इथंही आहेत. त्यांची पद्धत अजून मोडीत निघालेली नाही. सोन्यात चांदी मिसळून सोनं साधारण पाव हिश्श्यावर आणायचं, मग शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडमध्ये) उकळायचं. चांदी, तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. नाहीतर अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात) सोनंच विरघळवून पुन्हा खाली पाडायचं. मोडीचा माल (जुने, मोडके दागिने) आधी त्यांच्याकडे, तिथून आलेला रवा (शुद्ध दाणे) मशीनमध्ये. हा क्रम उलटा करून पैसे वाचवायला जाल तर हॉलमार्क सेंटरवर नग नापास होईल. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना दुकानात विकता येत नाही, त्यामुळे टंचात ढिलाई करायला जागाच उरलेली नाही.

शिशाचंही तसंच. सोन्यात शिसं किंचित जरी शिरलं तरी सोनं पट्टी ओढताना फाटतं. ते या मशीनमध्ये निघत नाही. गलाईलाच पाठवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला एकाही विक्रेत्यानं सांगितलं नाही. मोडीचा डाकवाला दागिना थेट या मशीनमध्ये टाकू नका. जुन्या केडीएम (कॅडमियमच्या डाकेनं जोडलेल्या) मालात कॅडमियम असतं, चांदीच्या डाकेत जस्त असतं, काहींत दोन्ही. सोनं १,०६४ ला वितळतं, तोपर्यंत कॅडमियम कधीच उकळून गेलेलं असतं. व्हॅक्यूममध्ये तर त्याआधीच. ती वाफ जाते कुठं? थोडी काचेवर आणि कप्प्याच्या भिंतीवर बसते, थोडी पंपाच्या तेलात जाते, उरलेली पंपाच्या तोंडातून खोलीत. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे, वासावरून तो कळत नाही. पंपाच्या एक्झॉस्टला पाइप लावून तो गच्चीवर काढा. हे काम आमच्याकडे प्लंबरनं दुपारभरात केलं.

जस्तावरून आणखी एक. सोन्याला पिवळेपणा आणि ओतकामाला पातळपणा यावा म्हणून तयार मिश्रधातू मिळतात त्यांत बऱ्याचदा जस्त असतं. वितळलेल्या मालावर व्हॅक्यूम धरून ठेवला की जस्त उडतं, रंग बदलतो, वजनाची तूट येते. म्हणून हवा ओढायची ती वितळण्याआधी, आणि वितळल्यावर वर आर्गॉन ठेवायचा. मशीनच्या ऑटो मोडमध्ये तसंच आहे. मॅन्युअलवर खेळणारी पोरं वितळलेल्या मालाचे बुडबुडे बघायला पंप चालू ठेवतात, त्यांना आवरा. चांदीला आर्गॉनऐवजी नायट्रोजनही चालतो, चांदी त्याला पोटात घेत नाही आणि तो स्वस्त आहे. मी आर्गॉनच ठेवलाय, कारण एमआयडीसीत टिग वेल्डिंगवाल्यांना पुरवणारा गाडीवाला बोळाच्या तोंडापर्यंत सिलिंडर आणून देतो.

लातूरकरांसाठी खास एक गोष्ट. माहितीपत्रकात व्हॅक्यूम "उणे ७६० मिलिमीटर" लिहिलेला असतो. आमच्या मशीनचा काटा ७०० च्या थोडा पुढे जाऊन थांबला. बसवायला आलेला तंत्रज्ञ अर्धा दिवस गळती शोधत राहिला, सगळ्या रबरी रिंगा काढून ग्रीस लावून झाल्या. गळती नव्हतीच. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या वर आहे, इथल्या हवेचा दाबच मुळात ७०५ मिलिमीटरच्या आसपास. तो काटा बाहेरच्या हवेपेक्षा आत किती कमी आहे एवढंच दाखवतो, मग जेवढी हवा बाहेर आहे त्यापेक्षा जास्त तो दाखवणार कुठून? बीड, धाराशिव, संभाजीनगर सगळीकडे हेच होणार. खरा व्हॅक्यूम बघायचा असेल तर थेट आतला दाब सांगणारा गेज वेगळा लावून घ्या. आणि गळती तपासायची तर पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा किती वेगानं परत येतो ते बघा. गार मशीनवर, रिकाम्या मुशीनं, सकाळी. ओल्या फ्लास्कवर तपासलं तर पाण्याची वाफच गळतीसारखी दिसते.

पाणी हा आमच्याकडे कायमचा विषय. कॉइल पाण्यानं गार ठेवावी लागते. सेल्समननं सुचवलं की गच्चीवरच्या टाकीतून नळी जोडा आणि गटारात सोडा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेल्या गावात हे सुचवायला धाडस लागतं. शिवाय आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की वर्षभरात कॉइलच्या नळीत क्षार बसून ती चोंदेल. बंद फेऱ्याचा चिलर घ्या, त्यात डिस्टिल्ड पाणी भरा. तो खर्च टाळता येत नाही. इन्व्हेस्टमेंट पावडर (साच्याचं प्लास्टर) कालवायलाही आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरा, जड पाण्यानं तिचा घट्ट व्हायचा वेळ बदलतो.

वीज थ्री फेज लागते. एप्रिल-मेमध्ये व्होल्टेज खाली येतं तेव्हा सर्वोशिवाय मशीन चालू करायचं धाडस मी करत नाही. माल वितळलेला असताना लाइट गेली तर चांदी मुशीत थिजते आणि दांडा तिच्यात अडकतो. अशा वेळी दांडा ओढू नका, तुटतो. लाइट आली की कमी पॉवरवर हळूहळू तापवून पुन्हा वितळवायचं, मगच हलवायचं. मूस आणि दांडा या तशाही झिजणाऱ्या वस्तू आहेत, जोडीनं जास्तीच्या आणून ठेवा.

पंपाचं तेल पावसाळ्यात दुधासारखं पांढरं होतं. हवेतली आणि प्लास्टरमधली ओल तेलात मिसळते आणि पंपाची ओढ कमी होते. पंपावर गॅस बॅलास्टची छोटी चकती असते, ती उघडून पंप काही वेळ रिकामा चालवला की ओल बरीच निघते. आमच्या तंत्रज्ञाला ती चकती कशासाठी आहे हे माहीत नव्हतं. सर्व्हिसचा दर्जा यावरून ओळखा. लातुरात माणूस नाही, फोन केला की "परवा पाठवतो", आणि तो परवा पुढच्या आठवड्यात उगवतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून स्क्रू खोलायला सांगतात. पुतण्याला हात लावायची आवड आहे म्हणून निभावतंय. ज्याच्याकडे असा पुतण्या नाही त्यानं वार्षिक सर्व्हिसचा करार लेखी करून घ्यावा आणि माणूस किती दिवसांत येईल ते त्यात लिहून घ्यावं.

मशीनवर "२ किलो" लिहिलेलं आहे. ते सोन्याचं वजन. चांदी सोन्यापेक्षा आकारमानाला हलकी, घनता सोन्याची १९.३ आणि चांदीची १०.५. म्हणजे त्याच मुशीत चांदी जेमतेम एक किलोच्या थोडी वर मावते. चांदीवाल्यांनी हा आकडा निम्मा करूनच वाचावा. मोठे मुखवटे ओतायचे असतील तर हे मशीन लहान पडेल.

मशीन घेऊनही छिद्रं जात नाहीत अशी तक्रार करणारे दोघे जण भेटले, एक परभणीचा, एक उदगीरचा. विचारलं तर दोघांचेही फ्लास्क नीट भाजले जात नव्हते. साच्यातलं प्लास्टर जिप्समचं असतं. मेण पूर्ण जळालं नाही तर कार्बन मागे राहतो, आणि कार्बनच्या संगतीत तापलेलं जिप्सम फुटून गंधकाचा वायू सोडतं. माल कितीही स्वच्छ वितळवला तरी साचाच वायू सोडायला लागला तर मशीन काय करणार? भट्टी ७३० अंशांच्या वर नेऊ नका, त्या तापमानाला भरपूर वेळ द्या, आणि भट्टीत हवा खेळती ठेवा. दुसरा प्रकार म्हणजे आकसण्याची पोकळी. धातू थिजताना आकसतो, आणि जाड भागाला शेवटपर्यंत माल पुरवणारी वाट बारीक असेल तर तिथं खडबडीत पोकळी राहते. गोल, गुळगुळीत छिद्र दिसलं तर वायू. फाटल्यासारखी, टोकदार पोकळी दिसली तर आकसणं. पहिल्यावर व्हॅक्यूमचा उपाय आहे. दुसऱ्यावर मेणाची नाळ जाड करणं हाच उपाय, त्याला पैसे लागत नाहीत.

सोन्यासाठी घ्यावं का? बोरमाळ, एकदाणी, वज्रटीक, पुतळ्या असं हातकाम करणाऱ्यानं अजिबात घेऊ नये, त्याच्या कामात हे कुठंच बसत नाही. अंगठ्या, पदकं, खड्यांची कोंदणं रोज ओतत असाल तर फायदा आहे, पण चांदीइतका ठळक नाही, कारण सोनं ऑक्सिजनच्या नादी लागतच नाही. त्रास देतं ते त्यातलं तांबं. महिन्यातून दोन-चार फ्लास्क होत असतील तर सरळ जॉबवर, म्हणजे मजुरी देऊन दुसऱ्याकडून, ओतून आणा. आम्हीही दुसऱ्यांचं ओतून देतो, पण माल रव्याच्या रूपात आणि टंचाच्या चिठ्ठीसह आणला तरच. मोड आणली तर परत पाठवतो, नातेवाईक असला तरी. एका मामांना राग आलाय, त्याला इलाज नाही.

मशीनला पाचापैकी चार. विकणाऱ्याच्या सर्व्हिसला दीड, आणि तो दीडही बिल वेळेवर पाठवलं म्हणून.

एक राहिलं. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बंद खोलीत खाली साचतो, आणि त्याला ना रंग ना वास. सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधा, रात्री व्हॉल्व्ह सिलिंडरवरूनच बंद करा, खिडकी उघडी ठेवा. आणि काच व कप्पा पुसायला वापरलेली फडकी टाकून देऊ नका. आमची झारेकरीण, म्हणजे सराफी कचऱ्यातून सोनं-चांदी वेगळी काढणारी बाई, दर महिन्याला कारखान्याची झाडलोट विकत घ्यायला येते. पहिल्यांदा तिनं ती काळी फडकी हातात घेऊन नाक मुरडलं. आता आल्या आल्या आधी तीच मागते आणि दरासाठी माझ्याशी हुज्जत घालते.